मौन कोणाचे?

माझी पुतणी शिक्षणासाठी जर्मनीत असते. मागील चातुर्मासात ती काही दिवस घरी आली, तेव्हा मी तिला आमच्या स्वाध्याय मंडळात घेऊन गेलो. भारतात येण्यापूर्वी ती पोलंडमधील आउश्वित्झची छळछावणी पाहून आली होती. स्वाध्याय आटोपल्यावर कोणीतरी प्रवासाची विचारपूस केली आणि ती त्या छावणीबद्दल बोलू लागली. काचेमागे ठेवलेला जोड्यांचा ढीग, स्त्रियांच्या कापलेल्या केसांचा ढीग हे तिने सांगितले. पण ती सर्वांत अधिक बोलली ती प्रवासी पेट्यांविषयी. “प्रत्येक पेटीवर मोठ्या अक्षरांत नाव घातलेले आहे, काका. कोणावर गाव, कोणावर जन्मतारीख. आपण गठ्ठ्यांवर मार्का घालतो ना, तसे. सामान हरवू नये, पोहोचल्यावर आपले आपल्याला सापडावे, म्हणून.”

मग तिने विचारले, “ही माणसे श्रद्धाळू होती. त्यांतली कितीतरी माणसे प्रार्थना करीत आत गेली. त्यांचा देव का बोलला नाही?”

आमच्या मंडळात एक वयोवृद्ध श्रावक आहेत. शास्त्राचा त्यांचा व्यासंग मोठा आणि स्वभाव अत्यंत प्रेमळ. ते म्हणाले, “बाळ, हा प्रश्न त्यांचा आहे, आपला नाही. आपला देव जगाचा कर्ता नाही. तो कोणाला मारीत नाही, तारीतही नाही. बाकी ज्याचे त्याचे कर्म. सगर चक्रवर्तीचे साठ हजार पुत्र एका क्षणात भस्म झाले, ती कथा ठाऊक आहे ना? समुदायाने बांधले, समुदायाने भोगले.”

सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ती एवढेच म्हणाली, “त्यांत पंधरा लाख मुले होती, आजोबा.” त्यानंतर घरी होती तोवर ती पुन्हा स्वाध्यायाला आली नाही. मीही तिला चल म्हणालो नाही. त्या डोलावलेल्या मानेची टोचणी मात्र मनातून गेली नाही आणि त्या टोचणीपायीच गेल्या काही महिन्यांत या विषयावर जे मिळाले ते वाचीत गेलो.

प्रथम त्या लोकांच्या देवाविषयी. ज्यूधर्मीयांचा ईश्वर हा केवळ सृष्टीचा निर्माता नाही. त्याने या समाजाशी करार केला आहे. मिसर देशातील गुलामगिरीतून त्याने त्यांना सोडवून आणले, ही त्यांच्या श्रद्धेतील मध्यवर्ती घटना होय आणि ती दरवर्षी घरोघरी जेवणाच्या पाटावर मुलांना पुन्हा सांगितली जाते. असा ईश्वर इतिहासात हात घालतो, हाक ऐकतो, वचन पाळतो, अशी त्यांची धारणा. हा समाज आपल्याला परकाही नाही. कोकणातील बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. मराठी हीच त्यांची घरची भाषा. मुंबईत मस्जिद बंदर भागात आपल्यापैकी अनेकांच्या पेढ्या आहेत. तेथूनच जवळ १७९६ साली बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. ‘दयेचे द्वार’ असा त्याच्या नावाचा अर्थ. त्यांच्याही वर्षात एक दिवस असा असतो, की उपवास करून देवापाशी क्षमा मागावयाची आणि तत्पूर्वी ज्या माणसाचा अपराध केला असेल त्या माणसाची क्षमा मागून घ्यावयाची. संवत्सरी पाळणाऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

अशा देवाचे भक्त युरोपात वेचून मारले गेले. १९३९ ते १९४५ या महायुद्धाच्या काळात सुमारे ६० लाख ज्यू मारले गेले. ते मरण रणांगणावरचे नव्हते. ठरवून, याद्या करून, आगगाड्या भरून आणलेले होते. तेव्हा ‘देव कोठे होता’ हा प्रश्न प्रथम नास्तिकांनी विचारला नाही. तो त्यांच्यातील धर्मगुरूंनीच विचारला आणि तोही ती यातना चालू असताना.

या धर्मगुरूंपैकी एकाची हकीकत मला विशेष सांगावयाची आहे. कलोनिमस कालमन शापिरा यांचा जन्म १८८९चा. वॉर्साजवळील पिआसेच्नो या गावचे ते गुरू. मुलांना कसे शिकवावे, मुलाच्या अंतःकरणातील धर्म कसा जागवावा, हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. १९३२ साली विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक गाजले होते. सप्टेंबर १९३९मध्ये जर्मन विमानांनी वॉर्सावर बाँब टाकले, त्यांत त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, सून गेली. काही आठवड्यांतच आईही गेली. अशा स्थितीत या गृहस्थांनी प्रवचने पुन्हा सुरू केली आणि ती जवळजवळ तीन वर्षे चालवली.

नोव्हेंबर १९४०मध्ये वॉर्सातील ज्यूंची वस्ती भिंत बांधून बंद करण्यात आली. साडेतीन चौरस किलोमीटरही भरणार नाही एवढ्या जागेत चार लाखांवर माणसे कोंडली गेली. भूक आणि रोगराई यांनी १९४२च्या मध्यापर्यंत ८० हजारांहून अधिक माणसे तेथे मेली. तेथे शनिवारी आणि सणावारी हा मनुष्य बोलत असे आणि नंतर ते लिहून काढीत असे. त्या लिखाणात जर्मनांची नावे जवळजवळ येत नाहीत; येतो तो धर्मग्रंथातील त्या त्या आठवड्याचा पाठ आणि त्याच्या आडून समोर बसलेल्यांचे दुःख.

प्रारंभी ते परंपरेने दिलेली उत्तरे देतात. दुःख शुद्धीसाठी असते, पूर्वजांनीही असेच सोसले, धीर धरा. १९४१च्या डिसेंबरमध्ये तर ते, असे दुःख आमच्या समाजावर कधी आलेच नव्हते असे म्हणणाऱ्यांचा प्रतिवाद करतात. प्राचीन काळी मंदिर उद्ध्वस्त झाले तेव्हाही असेच घडले होते, मग आताच श्रद्धा का डळमळावी, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे पुढे त्यांचा सूर पालटतो. त्यांच्या परंपरेत एक जुनी कल्पना आहे, की ईश्वर एका अंतर्गृहात एकटाच रडतो. ती घेऊन ते म्हणू लागले, की ईश्वर गप्प आहे असे आपणास वाटते ते त्याचे रडणे जगाला पेलणार नाही म्हणून. ज्याला शक्य असेल त्याने त्या अंतर्गृहात जाऊन त्याच्यासह रडावे. ‘आम्हाला वाचव’ ही मागणी तेथे मागे पडते. देव आणि माणूस दोघेही एकाच दुःखात बसलेले दिसतात.

२२ जुलै १९४२ रोजी वॉर्सातून माणसे हलवण्यास आरंभ झाला. दोन महिन्यांत अडीच लाखांहून अधिक ज्यूंना ट्रेब्लिंकाला नेऊन मारण्यात आले. शापिरांची प्रवचने थांबली. ऐकणारेच उरले नव्हते. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्यांनी आपले हस्तलिखित पुन्हा काढले आणि डिसेंबर १९४१च्या त्या परिच्छेदाला एक टीप जोडली. तिचा आशय असा, की मी लिहिले ते तोपर्यंतच्या दुःखांपुरते खरे होते. त्यानंतर जे घडले तसे पूर्वी कधीही घडले नव्हते.

ही टीप मी वाचली आणि पुस्तक मिटून बसलो. एक धर्मगुरू, ज्याच्या शब्दावर शेकडो माणसे जगत होती, तो स्वतःचेच प्रवचन दुरुस्त करतो. मूळ वाक्य खोडत नाही, लपवीत नाही. आपल्याकडे वहीतील चुकलेली नोंद खोडू नये, खाली दुरुस्तीची नोंद करावी असा दंडक असतो, तसे. त्याची श्रद्धा गेली असे मात्र त्या लिखाणात कोठेही दिसत नाही. आपले उत्तर अपुरे पडले एवढेच तो कबूल करतो.

ते हस्तलिखित आपल्यापर्यंत आले कसे, तेही सांगितले पाहिजे. एमानुएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने त्या बंद वस्तीत एक गुप्त मंडळ स्थापले होते. शनिवारी जमत म्हणून मंडळाचे नाव ‘शब्बाताचा आनंद’. शिधापत्रिका, शाळकरी मुलांचे निबंध, भिंतींवरची पत्रके, पत्रे, भावांच्या नोंदी, जे मिळेल ते गोळा करावयाचे, हे त्यांचे काम. सर्वनाश अटळ दिसू लागला तेव्हा हे सारे पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या डब्यांत भरून जमिनीत पुरण्यात आले. पेट्या १९४६मध्ये सापडल्या. दोन दुधाचे डबे डिसेंबर १९५०मध्ये. या दुसऱ्या साठ्यात शापिरांची प्रवचने होती. ती १९६०मध्ये जेरुसलेममध्ये छापली गेली. शापिरा स्वतः १९४३च्या नोव्हेंबरमध्ये मारले गेले. रिंगेलब्लूम १९४४च्या मार्चमध्ये.

युद्धानंतर पुष्कळांनी या मौनाचा विचार केला. एलिएझर बर्कोविट्झ या धर्मपंडिताने धर्मग्रंथातील ‘मुख लपवणारा ईश्वर’ ही कल्पना पुढे केली: माणसाला स्वातंत्र्य द्यावयाचे तर देवाने मागे सरलेच पाहिजे. तत्त्वज्ञ हान्स योनास यांची आई आउश्वित्झमध्ये मारली गेली. ते म्हणाले, देवाने हस्तक्षेप केला नाही, कारण त्याच्यापाशी ते सामर्थ्यच नव्हते. सृष्टी निर्माण करताना त्याने ते सोडून दिले होते. हे वाचताना आपल्या एखाद्या न्यायपंडिताची आठवण होते. मांडणी निर्दोष, पण ती हातात घेऊन शोकाकुल घरात जाता येत नाही.

एली वीझेल यांनी सांगितलेली हकीकत मात्र मनातून जात नाही. पंधराव्या वर्षी ते आउश्वित्झला पोहोचले. तेथे एके रात्री काही विद्वान धर्मगुरूंनी देवावर रीतसर खटला भरला, साक्षीपुरावे झाले, देव दोषी ठरला. आणि मग संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली म्हणून तेच सर्वजण प्रार्थनेस उभे राहिले. आपण पाहिले, असे वीझेल सांगत. पुढे १९७९मध्ये त्यांनी या कल्पनेवर एक नाटक लिहिले. घटना मात्र त्यांनी कित्येक शतके मागे नेऊन ठेवली.

आणि एटी हिलेसम. हॉलंडमधील ही तरुणी अवघ्या २९व्या वर्षी, १९४३च्या नोव्हेंबरमध्ये आउश्वित्झला मृत्यू पावली. तिची दैनंदिनी १९८१मध्ये प्रसिद्ध झाली. तीत ती देवाला जणू समजावते, की तू आम्हाला मदत करू शकत नाहीस हे मला दिसते आहे. आम्हीच तुला मदत केली पाहिजे, आमच्या आत तुझे जे स्थान आहे ते अखेरपर्यंत राखले पाहिजे. तिला जैन दर्शन ठाऊक असण्याचे काही कारण नाही. पण आत्म्यातील परमात्मपद मलिन होऊ न देणे हाच धर्म मानणाऱ्या घरात वाढलेल्या मला हे शब्द परके वाटले नाहीत.

आता आपल्याकडे वळू. आमच्या ज्येष्ठ श्रावकांनी सांगितले ते सिद्धान्त म्हणून खरेच आहे. आपला देव वीतराग. तो वर देत नाही, शाप देत नाही, धावून येत नाही. मंदिरातील मूर्तीची अर्धोन्मीलित दृष्टी आपण लहानपणापासून पाहत आलो. तिने बोलावे अशी अपेक्षाच आपण कधी केली नाही. भगवान महावीरांवर घोर उपसर्ग झाले तेव्हा इंद्राने साहाय्य देऊ केले आणि भगवंतांनी ते नाकारले, असे चरित्रांत येते. पण तेथे सोसणाऱ्याने ते सोसणे स्वतः पत्करले होते. वॉर्सातील सात वर्षांच्या मुलाने काही पत्करले नव्हते. साधकाची कसोटी आणि लादलेली यातना यांना एका मापाने मोजता येत नाही.

आणि सगरपुत्रांची कथा? ती मी पुन्हा काढून वाचली. निरनिराळ्या ग्रंथांत तिचे तपशील भिन्न आहेत, पण गाभा असा. भगीरथ विचारतो, की एवढे सारे एकदम कसे मेले. ज्ञानी मुनी सांगतात, की पूर्वभवी हे एका गावचे लोक होते; यात्रेला निघालेल्या संघाला उपद्रव देण्यास ते सरसावले होते. पुढे ते गाव आगीत भस्म झाले आणि ते सर्व एकत्र मरण पावले. आपण कथा येथपर्यंत सांगतो आणि थांबतो. पण त्या गावात एक कुंभार होता. त्याने गावकऱ्यांना आवरले, संघाला सुखरूप जाऊ दिले. आगीतून तो वाचला आणि भव फिरत फिरत तोच भगीरथ होऊन जन्मला. म्हणजे प्रश्न विचारणारा हाच पूर्वी ‘असे करू नका’ म्हणणारा होता. आमच्या स्वाध्यायात प्रश्न विचारला तो एका मुलीने, आणि तिला आम्ही गावकऱ्यांचे कर्म ऐकवले.

आणखी एक. ते उत्तर दिले ते अतीत भव पाहू शकणाऱ्या ज्ञानी पुरुषाने. आपण मतिज्ञान-श्रुतज्ञानाचे धनी. कोणाच्या कोणत्या जन्मीच्या कोणत्या कर्माचा उदय झाला हे मला दिसत नाही. मग दुसऱ्याच्या मृत मुलासमोर उभे राहून मी ते कोणत्या अधिकाराने सांगावे? सम्यक्त्वाची लक्षणे सांगताना आचार्यांनी आस्तिक्याच्या शेजारीच अनुकंपा सांगितली आहे. स्वतःच्या दुःखात ‘हे माझे कर्म’ म्हणणे हा समतेचा मार्ग आहे. तेच वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर ठेवले, की ते हात झटकण्याचे साधन होते. शिवाय कर्माचा उदय मानूनही मारणाऱ्याचा दोष कणभर कमी होत नाही, हे तर आपल्याच शास्त्राचे म्हणणे आहे. हिंसेत आनंद मानणे हे रौद्रध्यान. आणि बंध केवळ करणाऱ्यालाच होतो असे नाही, करविणाऱ्याला आणि अनुमोदन देणाऱ्यालाही होतो.

कृत, कारित, अनुमोदित. प्रतिक्रमणात हे शब्द आपण इतक्या वेगाने म्हणतो की ते कानावरून जातात. या वाचनात मात्र मी त्यांच्याशी अडखळलो, आणि त्याला कारण झाले व्यापाराचे कागद.

जर्मन रेल्वेने या माणसांना छावण्यांकडे नेले त्याचे भाडे लावले होते. तिसऱ्या वर्गाचे, किलोमीटरप्रमाणे. दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मोफत. चारशेहून अधिक माणसे असल्यास समूहाची सवलत. पहारेकऱ्यांचे जाण्यायेण्याचे आणि बाकीच्यांचे केवळ जाण्याचे. कोणीतरी कारकून हे हिशेब मांडीत होता, बेरीज तपासत होता आणि संध्याकाळी घरी जात होता.

एरफुर्ट शहरात १८७८ साली स्थापन झालेली एक पेढी होती: टोफ आणि पुत्र. बिअरसाठी धान्य भाजण्याची यंत्रे, भट्ट्या, धुराडी हा त्यांचा धंदा. तिसऱ्या पिढीतील दोघे भाऊ मालक होते. याच पेढीने आउश्वित्झमधील प्रेतदहनाच्या भट्ट्या बांधल्या आणि विषारी वायूच्या कोठड्यांतील हवा बाहेर काढण्याची यंत्रणाही बसवली. एकूण उलाढालीत या कामाचा वाटा फारच थोडा होता. नाकारले असते तर पेढी बुडाली नसती. त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. त्यात द्वेष नाही, घोषणा नाहीत. दर, मुदत, सुटे भाग आणि थकबाकी आहे. १९४२मध्ये त्यांच्या एका अभियंत्याने अधिक वेगाने प्रेते जाळणाऱ्या भट्टीच्या एकस्वासाठी अर्जही केला. त्या कारखान्याच्या जागी २०११पासून स्मारक आहे. हँबुर्गचा व्यापारी ब्रूनो टेश झिक्लॉन बी हा कीटकनाशक वायू विकी. तो आउश्वित्झला पुरवल्याबद्दल ब्रिटिश लष्करी न्यायालयाने १९४६मध्ये त्याला आणि त्याच्या मुख्य सहायकाला फाशीची शिक्षा दिली. आपणास काही माहीत नव्हते, असा टेशचा बचाव होता.

श्रावकाच्या सातव्या व्रतात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणता धंदा करावयाचा नाही हे त्या यादीवरून ठरवले. आपण आता ती पर्युषणात एकदा ऐकतो आणि कोळसे, लाख, हस्तिदंत यांचा काळ गेला म्हणून सोडून देतो. त्या यादीत पहिले नाव अंगारकर्माचे आहे, भट्टीच्या धंद्याचे. पुढे विषवाणिज्य येते. यादी करणाऱ्यांच्या मनात एरफुर्ट किंवा हँबुर्ग असणे शक्य नव्हते. तरी एवढे त्यांनी ओळखले होते, की हिंसा रागाच्या वाटेने येते तशी ती पेढीच्या वाटेनेही येते, आणि तेथे ती गादीवर बसून शांतपणे मागणी नोंदवते.

ज्यांचा देव बोलणारा आहे त्यांनी ‘तो का बोलला नाही’ असे विचारले, हे त्यांच्या श्रद्धेला धरूनच होते. ज्यांचा देव कधीच बोलणार नव्हता त्या आम्हाला ते सोपे उत्तर म्हणून वापरता येत नाही. मूर्तीने बोलावयाचे नाही हे ठरलेले असेल, तर त्या घरात बोलणारा दुसरा कोण? मला या प्रश्नाने दिवसेंदिवस अस्वस्थ केले आहे, कारण माझ्याही चाळीस वर्षांच्या व्यापारात ‘माल कोठे जातो ते आपण पाहावयाचे नाही’ असे म्हणण्याचे प्रसंग आले आहेत. ते लहान होते. पण त्या वेळी ते लहान आहेत म्हणूनच मी ते म्हणू शकलो.

यंदा संवत्सरीला मी पुतणीला फोन केला. मिच्छामि दुक्कडम् म्हटले आणि कशाबद्दल तेही सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. म्हणाली, “काका, तुम्ही तर काही बोललाच नव्हतात.”

“त्याबद्दलच,” मी म्हणालो.

मग मी तिला शापिरांच्या त्या टिपेविषयी सांगितले, दुधाच्या डब्यांविषयी सांगितले. आमचे ज्येष्ठ श्रावक काय म्हणाले, असे तिने विचारले. त्यांना मी कुंभाराची कथा पुन्हा वाचून दाखवली होती, ते बराच वेळ ग्रंथ मांडीवर घेऊन बसले आणि म्हणाले, “पोरीला सांगा, मी उत्तर घाईने दिले.” हेही तिला सांगितले.

“एकूण किती ठिकाणी पुरले होते?” तिने विचारले.

“तीन.”

“आणि तिसरे?”

“अजून सापडलेले नाही.”